आधी गोठा, मग घर: बेळगाव सीमाभागातल्या नदीकाठासाठी पुराआधीची तयारी

नदीकाठच्या गावांत पुराच्या वेळी एकच चूक पुन्हा पुन्हा होते. पाणी चढायला लागलं की लोक आधी धान्य, मग भांडीकुंडी, मग टीव्ही-फ्रीज वर चढवतात आणि गोठ्याकडे सगळ्यात शेवटी वळतात. तोवर रस्त्यावरच्या मोरीवर पाणी आलेलं असतं. माणसाला बोटीतून काढता येतं, म्हशीला बोटीत घेत नाहीत. मग घरातला कर्ता माणूस दावणीपाशी थांबतो, त्याला सोडून म्हातारी निघत नाही, आणि दोघांसाठी तिसरा मागे राहतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही मोठ्या पुरांत घराघरांत हेच झालं.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. सामान काय घ्यायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. कशाच्या आधी काय, आणि कोणत्या खुणेला घर सोडायचं, हे ठरलेलं नसतं. चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक आणि खानापूर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या घरांसाठी, गोठ्यांसाठी आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी हे लिहिलं आहे.

टप्पा १: तुमच्याकडे पाणी कुठून येतं ते पक्कं करा

अंगणात पाऊस नाही म्हणून पूर नाही, हा समज आधी काढून टाका. अथणी-कागवाडच्या बाजूला ऊन पडलेलं असतं आणि कृष्णा फुगत असते, कारण ते पाणी महाबळेश्वर-कोयनेपासून राधानगरी-पाटगावपर्यंतच्या घाटमाथ्यावर पडलेलं असतं. आपल्या गावापुरते वरचे दोन-तीन टप्पे कोणते, ते घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावेत.

कृष्णाकाठ (येडूर, मांजरी, अंकली, जुगूळ, उगार, कुडची): कोयनेचा विसर्ग, सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी आणि राजापूर बंधाऱ्यावरून येणारं पाणी बघा. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते, त्यामुळे कोल्हापूरची राजाराम बंधाऱ्याची पातळीही तुमचीच आहे. राजारामला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; सांगलीत आयर्विनला अनुक्रमे ४० आणि ४५ फूट.

दूधगंगा-वेदगंगाकाठ (कारदगा, भोज, सदलगा, मलिकवाड, जत्राट, भिवशी, अक्कोळ, यमगर्णी): काळम्मावाडी आणि पाटगाव या धरणांकडे लक्ष ठेवा. या नद्या कृष्णेपेक्षा लहान, त्यामुळे पाणी लवकर चढतं. शिवाय कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर दूधगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि मागे शिवारात पसरतं. धरणाचा विसर्ग वाढलेला नसतानाही सदलग्याच्या शिवारात पाणी का वाढतं, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

घटप्रभाकाठ (गोकाकची बाजू): हिडकल धरणाचा विसर्ग एकटा बघून भागत नाही. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय याच नदीला येऊन मिळतात. तिन्हींची बातमी एकत्र वाचा.

मलप्रभा (खानापूर): उगम कणकुंबीला, म्हणजे घाटमाथ्यालाच. नदीवर वरच्या बाजूला मोठं धरण नाही, त्यामुळे पाणी सोडल्याची आगाऊ सूचना मिळण्याचा प्रश्नच येत नाही. जांबोटी-कणकुंबीला रात्रभर कोसळत असेल, तर तीच सूचना.

बेळगाव शहरात शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाला तुंबतो आणि सखल घरांत पाणी शिरतं. तिथं आठवडाभराचं स्थलांतर क्वचित लागतं. टप्पा ४ आणि ५ तेवढे नीट करा.

सीमाभागाची एक अडचण इथेच सांगतो. पाणी येतं महाराष्ट्रातून आणि घर सोडायचा आदेश येतो कर्नाटकातून. धरणांच्या बातम्या कोल्हापूर-सांगलीकडून मराठीत मिळतात, तर गावातली दवंडी, तहसीलदारांची सूचना आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश कन्नडमध्ये असतो. घरात कन्नड वाचता येणारं कोणी नसेल, तर शेजारच्या एका घराशी आधीच ठरवा की सूचना आली की ते तुम्हाला लगेच फोन करतील. आणि वरच्या अंगाला, शिरोळ किंवा कागल तालुक्यात, एक तरी नातेवाईक पक्का करा. बातमीपेक्षा त्याचा फोन खरा. मात्र विचारायचं ते मोजून विचारा. "मामा, पाणी किती आहे?" या प्रश्नाला "लई आहे" हेच उत्तर येतं. "मामा, सकाळपासून किती फूट चढलं? आता थांबलंय का चढतंय?" असं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं.

तपासा: पाणी कुठल्या तीन ठिकाणांवरून येतं आणि ते कोणाला विचारायचं, हे घरातला बारा वर्षांचा मुलगा न अडखळता सांगू शकतो का?

टप्पा २: निघायची खूण आधी ठरवा

सगळ्यात जास्त घरं इथे चुकतात. "बघू, पाणी दारात आलं की निघू" ही खूण होऊ शकत नाही. दारापेक्षा रस्ता नेहमी खाली असतो. घर कोरडं असतानाच वाट बंद होते.

मे महिन्यात, नदी तळाला असताना, घरापासून माळावरच्या ठिकाणापर्यंत जनावरांच्या चालीने चालत जा. वाटेत सगळ्यात खोल जागा कोणती ते बघा. कुठे ओढ्यावरची मोरी असते, कुठे दोन उसाच्या फडांमधली खचकी असते. त्या जागी विजेच्या खांबावर किंवा झाडाच्या बुंध्यावर तेलरंगाचा पट्टा मारा. तोच तुमचा खरा उंबरठा. पूर घरात शिरायला चार फूट बाकी असतील, पण त्या मोरीवर पाणी आलं की तुमच्या जनावरांपुरता पूर आलेला आहे.

आता दोन खुणा ठरवा.

पहिली खूण, अर्धी दावण हलवायची: परिसरातला पहिला कमी उंचीचा पूल पाण्याखाली गेला की. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ हे पूल जवळजवळ दर पावसाळ्यात आधी जातात. पूल गेल्याची बातमी लोक वाहतुकीची बातमी म्हणून वाचतात. तुम्ही ती गोठ्याची बातमी म्हणून वाचा. त्याच दिवशी गाभण जनावरं, वासरं-रेडकं, शेळ्या आणि आजारी जनावर हलवा.

दुसरी खूण, सगळ्यांनी निघायचं: वाटेवरच्या खोल जागेवर पाणी यायला दोन फूट बाकी असताना. रंगाचा पट्टा मारायचा तो इथेच, खाली. मोरी बुडाल्यावर दिसणाऱ्या पट्ट्याचा काही उपयोग नाही.

दुसरी खूण रात्री येण्याची शक्यता दिसली, तर संध्याकाळीच निघा. अंधारात, पावसात, बॅटरीच्या उजेडात बुजलेली म्हैस पाण्याच्या कडेने चालवणं म्हणजे माणूस गमावण्याची तयारी.

इशारा: "२०१९ ला इथपर्यंत पाणी आलं नव्हतं" हा हिशेब धरू नका. भिंतीवरची जुनी खूण घर किती बुडेल याचा अंदाज देते. वाट कधी बंद होईल हे ती सांगत नाही.

टप्पा ३: मे महिन्यात उरकायची कामं

लसीकरण. घटसर्प आणि फऱ्या या लसी पावसाआधी, म्हणजे मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला टोचून घ्या. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पूल बुडाल्यावर दवाखान्यात धावून फायदा नाही. चारा केंद्रात दहा गावची जनावरं एका दावणीला येतात आणि रोग तिथूनच पसरतो. लाळ्या-खुरकूत आणि लंपीच्या लसीची पाळी कधी आहे तेही त्याच वेळी विचारा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

कुत्र्याला रेबीजची आणि लेप्टोस्पायरोसिसचा समावेश असलेली मिश्र लस द्या. लेप्टो उंदरांच्या मुतातून पुराच्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून एप्रिलअखेर सुरुवात करा.

ओळख. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक वहीत उतरवा. बिल्ला पडला असेल तर नवा मारून घ्या. प्रत्येक जनावराचे तीन फोटो काढा: एक समोरून, एक बाजूने, आणि एक मालकासोबत, बिल्ला वाचता येईल असा. शिंगाला तेलरंगाने घराची खूण करा. फोटो परगावच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. आपला मोबाइल भिजतो.

कागद. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, शेताचा उतारा, फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक), घरपट्टीची पावती. यात सीमाभागात हमखास अडकणारी गोष्ट म्हणजे नाव. आधारवर एक, उताऱ्यावर कन्नडमध्ये दुसरं, पासबुकात तिसरं. आडनाव मागेपुढे झालेलं, नाहीतर वडिलांचं नाव गळालेलं. भरपाई थेट खात्यात जमा होते आणि नाव जुळलं नाही तर अडकून राहते. पूर ओसरल्यावर तालुक्याच्या कचेरीत याच कामासाठी रांग लागते. मे महिन्यात ती रांग नसते. खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही बँकेत विचारून घ्या.

जागा. माळावर कोणाचं वावर, कोणाचं शेड, किती जनावरं, पाणी कुठलं, हे मालकाशी बोलून ठरवा. "पाहुणे आहेत, नाही थोडंच म्हणणार" यावर विसंबू नका. त्यांच्याकडे आणखी चार पाहुणे येणार असतात. सरकारी काळजी केंद्र (पूरग्रस्तांच्या राहण्याची तात्पुरती सोय) तुमच्या गावासाठी कुठल्या शाळेत उघडतं आणि जनावरांची सोय त्याच आवारात असते की दुसरीकडे, हे ग्रामपंचायतीत विचारा. माणसं एका गावात आणि जनावरं दुसऱ्या गावात अशी वेळ आली, तर दूध काढायला कोण जाणार तेही आताच ठरवा.

नदीवरची मोटार. जॅकवेलवरच्या किंवा काठावरच्या मोटारी पहिल्या मोठ्या पावसाआधी वर ओढा. पाणी चढताना मोटार काढायला उतरून शॉक लागून किंवा वाहून जाऊन माणसं मेली आहेत. मोटार बुडाली तर वाइंडिंग करून घेता येतं.

तपासा: जूनच्या पहिल्या आठवड्यात वही उघडा. प्रत्येक जनावरासमोर लसीची तारीख, बिल्ला क्रमांक आणि माळावरची जागा या तिन्ही रकान्यांत काही ना काही लिहिलेलं आहे का?

टप्पा ४: वैरण, पाणी, औषध

वैरणीचा अंदाज लोक डोळ्याने घेतात आणि तो कायम कमी पडतो, कारण एरवी ओली वैरण आणि उसाचं वाढं मिळत असतं. पुरात दोन्ही बंद. निव्वळ कोरड्यावर मोठ्या जनावराला दिवसाला ६ ते ८ किलो कडबा धरा. पाच जनावरं, दहा दिवस म्हणजे साधारण ३५० किलो. एक पेंढी काट्यावर तोला आणि किती पेंढ्या लागतील ते काढा. पेंड आणि मिठाचा खडा वेगळा.

हा कडबा घराशेजारच्या गंजीत ठेवू नका. जूनमध्येच माळावर, ठरलेल्या जागी नेऊन, खाली दगड-लाकडं टाकून, वर ताडपत्री बांधून ठेवा. गंजी घरापाशी ठेवून जनावरं माळावर नेणारी घरं तिसऱ्या दिवशी कडबा आणायला पाण्यात उतरतात.

पाणी: दुभत्या म्हशीला दिवसाला ५० ते ८० लिटर लागतं. चहूकडे पाणी असतं, पण पाजण्याजोगं नसतं. माळावरच्या जागेजवळ चालू बोअर आहे का, आणि वीज गेली तर पाणी कसं काढणार, हे बघूनच जागा पक्की करा.

माणसांसाठी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी चार लिटर रोज. पाच माणसांना आठवड्याला १४० लिटर. झाकणाचे कॅन घ्या, उघडी बादली नको.

औषधांच्या डब्यात ओआरएस, जखमेवरची पावडर, माशा बसू नयेत म्हणून जखमेवर मारायचा फवारा, मोरचूद, पोटफुगीचं औषध, आणि घरात बीपी-शुगरचं कोणी असेल तर पंधरा दिवसांच्या गोळ्या. इन्शुलिन असेल तर माळावर फ्रीज कोणाकडे आहे ते आधी ठरवून ठेवा. एक धारदार विळा गोठ्याच्या दारात खुंटीला अडकवून ठेवा. तो कशासाठी, ते पुढे येतं.

टप्पा ५: घर

पहिली खूण येऊन अर्धी दावण गेली की घराला हात घाला, त्याआधी नको. क्रम असा: कागद आणि दागिने, बियाणं आणि धान्य, वह्या-पुस्तकं, मग विजेची उपकरणं.

धान्याचे प्लास्टिकचे पिंप माळ्यावर चढवता येत नसतील, तर झाकण घट्ट करून तुळईला किंवा खांबाला बांधा. अर्धवट भरलेलं पिंप तरंगतं आणि दाराबाहेर जातं. खताची पोती सगळ्यात उंच आणि गोठ्यापासून लांब ठेवा. भिजलेल्या युरियाचं पाणी जनावर चाटतं आणि तासाभरात आडवं होतं.

गॅसचा रेग्युलेटर काढा, टाकीवर टोपण बसवा, टाकी उभी बांधून ठेवा. रिकामी टाकी तरंगून आपटते. घर सोडताना मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी सोडवायची असते, मेन बंद केल्याने ती बंद होत नाही. संडासाच्या भांड्यात वाळूचं पोतं दाबून ठेवा, नाहीतर पाणी चढलं की घाण आत उलटी येते.

इशारा: मातीच्या भिंतीचं घर असेल तर पाणी नुसतं जोत्याला लागलं तरी आत राहू नका. भिंत खालून भिजत जाते आणि पुष्कळदा पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर बसते.

टप्पा ६: गोठा हलवण्याचा क्रम

इथे घाई आणि आरडाओरड ही दोनच मोठी संकटं आहेत.

१. आदल्या रात्री गाठी बदला. निरगाठ सोडून सगळ्या दाव्यांना सुरगाठ मारा. नायलॉनचं दावं भिजलं आणि जनावराने ओढ दिली की निरगाठ दगडासारखी आवळते, बोटांनी सुटत नाही. सुरगाठीचं मोकळं टोक बाहेर, हाताला येईल असं ठेवा. पहाटे चार वाजता, अंधारात, ओल्या हाताने एका ओढीत सुटली पाहिजे. डोळे मिटून प्रत्येक गाठ एकदा ओढून बघा.

२. पोटभर खायला घालून निघू नका. हलका चारा आणि पाणी द्या. भरल्या पोटाने ट्रॉलीत धक्के खाल्ले की फुगतं. दुभत्यांची धार काढून घ्या.

३. ट्रॉलीच्या तळाला पाचट किंवा वाळू पसरा. ओल्या पत्र्यावर खूर घसरतो आणि गाभण जनावर पडलं तर दोन जीव जातात. जनावरं ट्रॉलीच्या लांबीला आडवी उभी करून, दाटीवाटी न करता, तोंडं एका बाजूला करून बांधा. दावं आखूड ठेवा, पण मान खाली आली तरी फास बसणार नाही इतकं.

४. वासरू आधी चढवा, आईला दिसेल असं. म्हैस मागून आपोआप येते. उलट केलंत तर आई ट्रॉलीतून वळून उतरायला बघते.

५. चालत नेताना सगळ्यात जुनी, शांत, रस्ता ओळखणारी म्हैस पुढे. बैल मागे. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त कासरे नकोत आणि कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नका. जनावर बुजून पाण्याकडे वळलं तर माणूस सोबत ओढला जातो.

६. शेळ्या भिजू देऊ नका. म्हशीला पाऊस सोसतो, शेळीला नाही; भिजलेली शेळी दोन दिवसांत छातीत धरते. ताडपत्रीखाली न्या आणि तिकडे जमिनीपासून वर माच करून ठेवा. कोंबड्या डालग्यात घालून संध्याकाळी, त्या खुराड्यात बसल्यावर उचला. दिवसा पकडायला गेलात तर अर्धा दिवस जातो.

इशारा: वाहतं पाणी ओलांडू नका, ट्रॅक्टर असला तरी. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. ट्रॉलीला पाणी रेटतं ते आडवं, आणि ट्रॉली गेली की ट्रॅक्टर मागे खेचला जातो.

टप्पा ७: कुत्रं आणि मांजर

मांजर पहिल्यांदा कोंडायचं. घरात सामानाची हलवाहलव सुरू झाली, माणसं मोठ्याने बोलायला लागली, की मांजर कौलांत किंवा लाकडांच्या ढिगात जाऊन बसतं आणि शेवटच्या क्षणी सापडत नाही. म्हणून पेट्या खाली काढण्याआधी त्याला एका खोलीत दूध-भाकरी ठेवून बंद करा. पिंजरा विकत घ्यायची गरज नाही. बाजारात टोमॅटो येतात ते प्लास्टिकचे दोन क्रेट एकावर एक उलटे ठेवा, चारही कोपऱ्यांना सुतळीने बांधा, आत जुनी गोधडी अंथरा. हवा जाते, पंजा बाहेर येत नाही, दोघांना उचलता येतं. हा क्रेट मे महिन्यातच कोपऱ्यात ठेवून द्या. मांजर त्यात झोपायला लागलं की कोंडताना ओरबाडत नाही. पोत्यात घालून नेऊ नका, ओलं पोतं तोंडाला चिकटून जीव गुदमरतो.

कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर कायम शाईने मोबाइल नंबर लिहा. राखणीचं कुत्रं गर्दीत अनोळखी माणसाला चावू शकतं, म्हणून मऊ कापडाची पट्टी तोंडाला बांधायची सवय लावा, पण ती थोडाच वेळ, नाहीतर त्याला धापता येत नाही. काळजी केंद्राच्या खोल्यांत कुत्र्याला सहसा घेत नाहीत. त्याची सोय गोठ्याबरोबर माळावर करा. तिथं राखणीलाही तेच लागतं.

खायला आठवड्याच्या वाळवलेल्या भाकरी डब्यात घ्या. पुराच्या पाण्यात मेलेलं काही खाऊ देऊ नका आणि पाण्यातून आलं की पाय, पोट साध्या पाण्याने धुऊन पुसा. पंजांच्या बोटांमध्ये जखम आहे का बघा. पावसाळ्यात दोन दिवसांत किडे पडतात.

इशारा: "घर राखायला" कुत्रं साखळीला बांधून जाऊ नका. नेता येतच नसेल तर पट्टा-साखळी काढा, वरच्या माळ्याची वाट उघडी ठेवा, खाणं-पाणी वर ठेवा.

टप्पा ८: वाट बंद झाली आणि जनावरं आतच राहिली तर

आता तो विळा. पाणी गोठ्यात शिरून गुडघ्याला लागलं, वाट बंद आहे आणि मदत आलेली नाही, तर दावी कापा आणि गोठ्याचं दार, फाटक, कुंपण उघडा. म्हैस चांगली पोहते. गोठ्यात म्हशी मरतात त्या बांधलेल्या असतात म्हणून. वेसणीत किंवा गळ्यात लांब दोर लोंबता ठेवू नका, तो उसाच्या फडात किंवा तारेच्या कुंपणात अडकतो. दावं गळ्यालगत कापा.

मग माणसं वर जा. ११२ वर किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा. गाव, गल्ली, जवळचं देऊळ किंवा टाकी, माणसं किती, त्यांत लहान मुलं, म्हातारी, गरोदर बाई किती, एवढं एका दमात सांगा. मोबाइलची बॅटरी जपा, सगळ्यांनी एकदम फोन लावू नका. विजेची तार तुटून पाण्यात पडली असेल तर हेस्कॉमला (वीज कंपनीला) १९१२ वर कळवा आणि त्या बाजूच्या पाण्यात पाय टाकू नका.

बोट आली की पहिल्या फेरीत जा. "जनावरं बघून मागून येतो" म्हणणाऱ्यासाठी दुसरी फेरी येईलच असं नाही.

टप्पा ९: परतताना

घाई इथेही नडते. पाणी ओसरलं म्हणजे घर राहण्याजोगं झालं असं नाही.

आधी एकट्या मोठ्या माणसाने दिवसाउजेडी जा. भिंती बाहेरून फिरून बघा. फुगवटा, आडवी भेग, ओघळ दिसला तर आत जाऊ नका. काठीने आपटत चला. नाग, घोणस, मण्यार, फुरसं कोरड्या जागेला येऊन बसलेलं असतं: कपाटामागे, चुलीत, गव्हाणीत, कडब्यात. चावलं तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अवयव हलू न देता १०८ ची गाडी किंवा मिळेल ते वाहन करून सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या.

चिखल काढण्याआधी फोटो काढा. घर, गोठा, धान्य, मोटार, पीक, आणि भिंतीवरची पाण्याची रेघ. सगळीकडे एक माणूस उभा करा, म्हणजे उंची कळते. लोक उत्साहाने घर धुऊन काढतात आणि पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही.

जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी किंवा नदीत ढकलण्याआधी थांबा. नदीत तर ढकलूच नका, खालच्या गावाचं पाणी नासतं. बिल्ल्यासकट फोटो काढा, पशुवैद्यांना आणि गावच्या महसूल कर्मचाऱ्याला कळवा, शवविच्छेदनाचा दाखला आणि पंचनामा झाला की खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दाखला नसेल तर भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही. पंचनामा कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या. जनावरांची संख्या, घर पूर्ण पडलं की अर्धवट, आणि तुमचं नाव आधारप्रमाणे लिहिलंय का, या तीन गोष्टी बघा. सहीआधी पानाचा फोटो काढा.

गोठ्यातला चिखल काढून चुना मारा, दोन दिवस वाळू द्या, मगच जनावरं आणा. खुरांना मोरचुदाचं पाणी लावा, एका लिटरला ५० ग्रॅम; पाणी चाटू देऊ नका. बुडालेल्या गंजीतला काळा पडलेला, वास येणारा कडबा घालू नका. पुरातलं वाढं गाळाने माखलेलं असतं, धुतल्याशिवाय नको. भिजून आंबलेलं धान्य उकिरड्यावर उघडं टाकू नका; जनावर तिथं पोट भरून खातं आणि पोटात ते आंबून, फुगून मरतं. पाण्यातून वाचलेली जनावरं आठ दिवसांनी अशी गेलेली आहेत. ते धान्य खड्ड्यात पुरा. पूर गेल्यावर फुटलेली कोवळी ज्वारीही चारू नका, तिच्यात विष असतं.

विहिरीचं पाणी उपसून, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून, ग्रामपंचायतीने तपासल्यावर वापरा. तोवर उकळून प्या. पुराच्या पाण्यातून चाललेल्या कोणालाही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. कुत्रं मलूल झालं, पिवळं मुतायला लागलं, तर तेच जनावरांच्या डॉक्टरांना सांगा आणि त्याची घाण उघड्या हाताने काढू नका.

दुभती जनावरं परत आल्यावर चार दिवस कास रोज हाताने चाचपा. कडक, गरम लागली किंवा दुधात गाठी आल्या, तर ते दूध डेअरीत घालू नका आणि त्याच दिवशी १९६२ ला फोन करा.